बाबा प्रभुभोजन घेत नाहीत

मुलुंड, ऑक्टोबर १९६८

प्रिय जयवंत,

सलाम. बाबा माझ्याकडे राहायला आल्याचं कळवलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस, ते अपेक्षितच होतं. आईच्या दफनाला पिऊन येऊन त्यांनी सगळ्या मंडळीसमोर तुझ्या थोबाडीत मारली, तेव्हापासून तू त्यांचं तोंड पाहिलेलं नाहीस. मीही त्यांना घरात घेतलं ते डोळ्यांत तेल घालूनच.

दारू सोडली म्हणतात. म्हणोत. मी त्यांचे सदरे धुण्याआधी हुंगते. जेवताना तर विचारू नकोस. भात, वरण, लोणचं, पाणी, एकेकाबद्दल देवाचे उपकार मानतात, तोवर वरण निवून जातं. परवा करपलेल्या पोळीबद्दलही मानले. मला वाटलं, टोमणा मारतायत. इतका गोड वागणारा माणूस काहीतरी लपवतोय, असं माझं ठाम मत झालं.

चर्चमध्ये तर खात्रीच पटली. प्रभुभोजनाचं ताट आलं की बाबा भाकरीला हात न लावता ते शेजाऱ्याकडे सरकवतात. प्यालाही तसाच. दर महिन्याला हेच. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मनात काळंबेरं असल्याशिवाय प्रभूच्या नावाची भाकर कोण नाकारतं? शिवाय दुपारी ते कांजूरच्या बाजूला फिरायला जातात, आणि तिकडे हातभट्टी लागते हे सगळ्यांना ठाऊक. गेल्या रविवारी घरी आल्यावर मी सरळच विचारलं, पुन्हा सुरू केलंत ना?

चिडले नाहीत रे. म्हणाले, ज्याला दुखवलं त्याच्याशी आधी समेट करायचा, मग देवापुढं जायचं, हे मीच तुम्हाला शिकवलं ना गं? पोरगं भेटत नाही तोवर कुठल्या तोंडानं हात पुढं करू? मग मला बजावलं, जयवंतला यातलं काही लिहू नकोस, गळ्यात पडून मिळवलेली क्षमा मला नको. मी मोरीत जाऊन रडले. माझीच मला लाज वाटली.

तरी लिहितेय. माझा संशय पुरता गेलाय असंही नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. क्षमा कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. नुसता ये आणि त्यांच्या शेजारी बस. ते ताट पुढे सरकवतील, तेव्हा ते तुझ्याच हातात येईल.

तुझीच ताई,
सुलक्षणा