सारवलेल्या वर्गातला थेंब

२७ जानेवारी १९६४

मफलर पुन्हा गायब. सकाळभर कान गार. शेवटी सापडला लेकीच्या मांडीवर — आशा त्यावर प्लास्टिकची फणी घासत बसलेली. समोर पाटावर अळूचं पान, पानावर पाण्याचा एक थेंब. फणी जवळ नेली की थेंब तिच्याकडे घरंगळतो. न शिवता!

"फणीत वीज भरली न आप्पा, का थेंबाची जवळची बाजू तिच्याकडं ओढल्या जाते."

"अन् माह्ये कान?"

"ते काई हालत नाहीत."

२९ जानेवारी

थेंबाच्या कविता मी हयातभर पोरांकडून चालीवर म्हणवून घेतल्या. आमचा थेंब मोती असायचा, कधी कुणाचं आयुष्य. त्याला फणी दाखवून पळवावं असं कुणाला सुचलं नाही. आज आशाला एक चाल म्हणून दाखवायला लागलो, तर म्हणते, "दम धरा आप्पा, तुमच्या श्वासानं पान हालते."

स्वतःच्या घरात श्वास घ्यायची चोरी!

३० जानेवारी

चहात मफलरची लोकर.

१ फेब्रुवारी

रागावलो. "थेंब पळवून पोट भरते काय?"

तिनं फणी खाली ठेवली. मग म्हणाली, "भरते. नोकरी हंगामी हाय माही. सोमवारी शाळा तपासायले साहेब येऊन राह्यले. हाच पाठ दाखवाचा हाय. शेरा बरा पडला तर कायम, नाही तर एप्रिलात घरी."

हे मला आधी सांगितलं नव्हतं असं नाही. ऐकताना मन दुसरीकडे असतं. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच — निदान ऐकावं तरी नीट.

२ फेब्रुवारी

पोरीसाठी आपणही काही करावं. आमच्या काळी शाळा तपासायला डिपुटी यायचे तेव्हा वर्ग शेणानं सारवलेला, दारात रांगोळी. साहेब उंबऱ्यावरच खूश. शाळा झाडणाऱ्या झुंबरबाईला सांगून आलो — उद्या सकाळी आशाचा वर्ग सारवून ठेव. आशाला बोललो नाही. पाहील तेव्हा कळेल.

३ फेब्रुवारी

काय करून बसलो मी! आशाचा पाठ पाहायला शाळेत गेलो, वर्गात मागं उभा राहिलो. थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या. आत ओल्या शेणाचा वास, भुई अजून ओलीच. आशानं फणी घासली. थेंब ढिम्म. पुन्हा घासली. ढिम्म. पोरं हसली, साहेब घड्याळ पाहू लागले.

"वर्ग सारवाले कोनं सांगतलं?" आशानं विचारलं.

झुंबरबाईनं दारातून सरळ माझ्याकडे बोट केलं. "मास्तरनं."

आशा मला एवढंच म्हणाली, "ओल्या हवेत वीज टिकत नाही, आप्पा. निसटून जाते."

मग पान उचललं. "साहेब, जरा उन्हात या."

मी आवारातल्या कडुलिंबामागे उभा, तोंड दाखवायची सोय नाही. तिनं फणी, मफलर उन्हात चांगले तापवले. घासली. थेंब निघाला — पानभर धावला अन् काठावरून पडला. साहेबांनी फणी मागून घेतली. उकिडवे बसून थेंब पळवत राहिले ते घंटा झाली तरी उठेनात.

घरी येताना आशा म्हणे, "आता तुमी निस्त्या कविताच म्हना."

१९ फेब्रुवारी

हुकूम आला. आशा कायम. नेमणूक साखरखेर्ड्याला — इथून दोन मोटारी बदलून. रोज येणं-जाणं व्हायचं नाही.