‘मला कोणी नाही’ असे सांगितल्यानंतर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, काम पुस्तकबांधणीचे (हात थरथरू लागल्याने बंद), विधवा, मूलबाळ नाही. डोके ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेले नाही. माझ्या पश्चात काय करावे ते लिहून ठेवते. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. करण्याजोगे काही आहे असे वाटलेच नव्हते.

कलम १. सासऱ्यांच्या घरातील मागची खोली माझ्या हिश्श्याची आहे. ती सर्व हक्कांसह थोरल्या जाऊबाईंना मिळावी. पुढच्या खोल्या त्यांच्याच आहेत. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत होते, म्हणून त्यांच्या मागे जाऊबाईंना पेन्शन मिळते आणि महागाईबरोबर ती वाढते. मी उभा जन्म बांधणीखान्यात काढला, मला काही नाही. हे मला फार डाचत असे. त्या बँकेतून आल्या की मी मुद्दाम भांडी आपटायची. त्या ती उचलून जागेवर लावत, त्याचाही राग यायचा.

कलम २. कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी, दाभण आणि मोठी कातर बांधणीखान्यात माझ्या जागी आलेल्या बाईला द्यावी. सोबत निरोप: मालक “तू तर घरचीच, तुला कसले कागद?” म्हणाले, तर हुरळू नकोस. मी हुरळले. फंडात माझे नावच नाही, हे काम सुटल्यावर कळले. मालकांना माझ्याकडून काही नाही, रागसुद्धा नाही. तेवढी ताकद उरलेली नाही.

कलम ३. बँकेतील शिल्लक वृद्धांच्या सरकारी भत्त्याची आहे. तो कसा मिळाला हे लिहिल्याशिवाय ती कोणाला देववत नाही. भत्ता निराधारांनाच मिळतो; घरात पेन्शनवाले कोणी असले तर मिळत नाही. कचेरीचा जिना मला एकटीला चढवेना, म्हणून जाऊबाई दंड धरून घेऊन गेल्या. कारकुनाने विचारले, “आजी, घरात तुमचं कोण आहे?”

त्यांचा हात माझ्या दंडावरच होता. मी म्हणाले, “मला कोणी नाही.”

“मग या कोण?”

मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, “मी शेजारीण. खरंच कोणी नाही हो हिला.”

घरी आल्यावर त्यांनी पदर खोचला. “पाहणीला माणूस येईल, तुझा स्वयंपाक वेगळा दिसायला हवा,” म्हणत जुना स्टोव्ह स्वतः उचलून माझ्या खोलीत मांडला. मला मान वर करवेना.

“ताई, चुकलं माझं.”

“तुझं काय चुकलं? माझ्या पैशांवर जगायची तुला लाज वाटते, ते काय मला कळत नाही?”

पाहणीचा माणूस येऊन गेला. त्या स्टोव्हवर मी अजून चहासुद्धा केलेला नाही. दोन्ही वेळा जेवते ती त्यांच्याकडेच. भत्ता आला की लाज वाटते, लांबला की धास्ती वाटते. ही शिल्लक जाऊबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला लावावी. त्या नको म्हणतील. हा कागद ज्यांच्याकडे ठेवणार आहे त्या वकिलांनी ऐकू नये.

कलम ४. माझ्या मृत्यूची नोंद करायला जाऊबाईंनीच जावे आणि नाते विचारले तर जाऊ म्हणूनच सांगावे. तोवर भत्ता बंद झालेला असेल. खरे बोलायला हरकत नाही.

सही: मागच्या खोलीत राहणारी, धाकटी सून

आमच्यासमोर सही केली, मजकूर आम्ही वाचलेला नाही:
१. कोपऱ्यावरील औषध दुकानदार
२. वरच्या मजल्यावरील परिचारिका

स्थळ: राहते घर
दिनांक: ९ मार्च