सातव्या मजल्यावरचं हळदीकुंकू

बाळकुम, ठाणे
होळीनंतरचा गुरुवार

प्रिय सान्वी बाय,

माझं पत्र बघून हसू नकोस. शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथी अर्धीच, तेव्हा अक्षर मुंग्या चालल्यासारखं आलंय. एका वहीतली पानं फाडून लिहितेय. कुठली वही ते मागाहून सांगते. फोनवर का बोलत नाही म्हणशील, तर हल्ली फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मला कुकर लागल्याचं निमित्त सांगतेस. तुझ्याकडे कुकर आहे का गं होस्टेलात? तू का रुसलीस ते मला कळतं. जानेवारीत तू विचारलंस, आजोबा माझ्या लग्नाला येणार ना, आणि हे नाही म्हणाले. एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तू फोन ठेवलास तो ठेवलासच. त्यावर मी येणार आहे, पण आधी बाकीचं ऐक, कारण ते सगळं एकात एक गुंतलंय.

तर पहिली बातमी. तुझी आजी गेल्या पावसाळ्यापासून मजला प्रतिनिधी आहे. नौपाड्याची आपली चाळ धोकादायक म्हणून पाडली आणि आम्हाला या सरकारी भाड्याच्या घरांत आणून ठेवलं, तेव्हापासून इथे कोणाचं ऑफिसला कळत नव्हतं आणि ऑफिसचं कोणाला कळत नव्हतं. मग नियम आला, दर मजल्याला एक माणूस निवडा, तो भाडेकरूंचं ऑफिसात सांगेल आणि ऑफिसचं भाडेकरूंना. ऑफिसातल्या दर्शना मॅडम कागद घेऊन आलेल्या. आता मला सही करायला किती आवडतं तुला ठाऊक आहे. मजल्यावर निम्म्या बायका अंगठा लावतात, त्यामुळे कागद दिसला की माझा हात शिवशिवतो. हजेरीच्या कागदावर केली सही. मग दुसरा कागद फिरत आला, त्याच्यावर एकही नाव नाही. मला वाईट वाटलं त्या कागदाचं. केली त्याच्यावरही. तो प्रतिनिधी व्हायला कोण तयार आहे त्याचा कागद होता. मॅडमनी वाचून दाखवलं, एकच नाव, निवडून आल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझे आजोबा तीन दिवस हसत होते.

शेजारच्या सगुणाबाई तेव्हा म्हणाल्या, चला, आता शेवंतीच्या नळाला आधी पाणी येणार. हसत म्हणाल्या, पण मला ते काट्यासारखं टोचलं. मी त्याच दिवशी ठरवलं, आपल्या घरची एकही तक्रार करायची नाही. वही घातली, दर खोलीला चार चार पानं. लिहायला वेळ लागतो म्हणून मी चित्रं काढते. दिवा गेला तर गोल आणि खाली शेपूट. नळ गळत असेल तर नळ. तो माझा बदकासारखा येतो, मॅडमनी विचारलं पण, सातव्या मजल्यावर बदकं कोण पाळतं? बारा खोल्यांपैकी अकरा खोल्यांची पानं भरत गेली, आपली कोरी.

मला वाटलेलं मोठं काम असेल. अगं, निम्मं काम चपलांचं. पलीकडच्या खोलीतल्या सरोजचं चपलांचं रॅक पॅसेजमध्ये, त्यावरून समोरच्यांशी भांडण. दोघींना आपल्याकडे बसवलं, तासभर दोन्हीकडचं ऐकलं. निकाल काही लागला नाही, पण दोघी चहा पिऊन एकत्र गेल्या आणि रॅक आपोआप आत गेलं. हे म्हणाले, शेवंती, तुला बोलायला निवडलंय आणि तू नुसतीच ऐकतेस. मी म्हटलं, बोलायला सगळा मजला आहे.

पण लिफ्टचं काही होईना. गणपती विसर्जनाला सगळे मिळून खाली गेलेलो, तू व्हिडिओ बघितलास ना, त्यानंतर आठ दिवसांत ती बंद पडली. दुसरी लिफ्ट तर आम्ही आलो तेव्हापासून कधी चाललीच नाही. पाच वेळा मी ऑफिसात गेले. दर वेळी तेच, तुमचा अर्ज वर पाठवलाय. मी म्हटलं, वर तर आम्हीच राहतो, आमच्याकडे काही आला नाही. सरोज सातव्या महिन्याचं पोट घेऊन जिने चढायची. सगुणाबाई आठवड्यातून एकदा उतरायच्या, ते सुद्धा पिशवीत आठवड्याचं सगळं मावेल असं बघून. अकरा घरांच्या पानांवर मी चौकोन काढला आणि त्यावर फुली मारली. दिवाळीला तू सम्यकला घेऊन आलीस, दोघं दोन दोन पायऱ्या टाकत हसत वर आलात. ह्यांना खुर्चीत बघून तू म्हणालीस, आजोबा आळशी झालेत. हे पण हसले. तेव्हा मी चहा गाळत होते, गाळणं हातातून पडलं ते आठवतंय? ते उगाच नव्हतं पडलं.

संक्रांतीला मला सुचलं. अर्ज वर जात नाही तर मॅडमलाच वर आणू. तक्रारीला माणूस नाही म्हणतो, हळदीकुंकवाला बाई नाही म्हणत नाही. मॅडम म्हणाल्या, खालच्या हॉलमध्ये ठेवा ना, सोपं पडेल. मी म्हटलं, सातव्या मजल्याचं हळदीकुंकू सातव्यावरच, खाली आणलं तर ते खालच्यांचं होईल. मजल्यावरच्या बायकांना ताकीद दिलेली, लिफ्टचा ल सुद्धा काढायचा नाही, आज पाहुणी येतेय, ऑफिस येत नाही. सगुणाबाईंचं तोंड नुसतं फुगलेलं. हो, आमच्याकडे सगुणाबाईंनाही हळदीकुंकू लावतात. नवरा गेला म्हणून बाई काय मजल्यावरून जाते? मी सुरुवात केली, कोणी काही बोललं नाही, आता रीत झाली.

मॅडम काठापदराची साडी नेसून आल्या, बिचाऱ्या. तिसऱ्यावर पदर खोचला. चौथ्यावर सरोजच्या नवऱ्याने स्टूल ठेवलेलं, तिथे टेकल्या. सातव्यावर आल्या तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. जिन्याला लागून पहिलं दार आपलं, ते मी उघडंच ठेवलेलं. ते मुद्दाम नव्हतं हं, ते नेहमीच उघडं असतं. आत हे बसलेले. मॅडमना बघून म्हणाले, बसा ताई, आधी श्वास घ्या, मग सांगा कितवा मजला. एकतीस वर्षं नौपाड्यातल्या त्या डॉक्टरांच्या बिल्डिंगीत लिफ्टमन होते ना, धापा टाकणारा माणूस दिसला की हेच तोंडात येतं. मॅडमना हसू फुटलं. पाणी पिता पिता त्यांनी फळीवरची माझी वही घेतली. पान उलटतात, चौकोन आणि फुली. पुढचं घर, चौकोन आणि फुली. अकरा घरं झाली आणि कोरं पान आलं. ह्या घराला लिफ्ट लागत नाही का, म्हणाल्या. हे म्हणाले, लागते, पण आमची प्रतिनिधी घरची तक्रार घेत नाही. मॅडमनी विचारलं, काका, तुम्ही खाली कधी गेलेलात? हे म्हणाले, गणपती गेले तेव्हा.

सान्वी, मी दारात हळदीकुंकवाची कोयरी घेऊन उभी होते. मॅडमनी तिळगूळ हातात धरला तो कितीतरी वेळ तोंडात टाकला नाही.

जाताना त्यांनी सांगितलं, सगळ्या मजल्यांच्या प्रतिनिधींच्या सह्या एका कागदावर द्या, मी स्वतः घेऊन जाते. मी सगळे मजले फिरले. पहिली सही माझी, या वेळी आधी वाचून केली. मग महिनाभर काही नाही. सगुणाबाई म्हणायला लागल्या, तिळगूळ फुकट गेला. आणि होळीच्या आधीच्या शुक्रवारी माणसं आली, दोन दिवस खटपट केली, आणि लिफ्ट चालू.

ह्यांनी दाढी केली. तो जुना खाकी शर्ट काढून घातला, आता ढगळ होतो. आत मला बटण दाबू दिलं नाही. सरोज तिच्या बाळाला घेऊन होती, तिला विचारलं, कितवा? तळमजला म्हटल्यावर असं बटण दाबलं की जसं काही काल रजा संपवून कामावर आलेत. खाली माझा खांदा धरून गेटपर्यंत आले आणि तिथल्या कट्ट्यावर ऊन खात बसले. येणारा-जाणारा म्हणे, भाऊ, खाली? हे म्हणत, हो, खाली. त्यानंतर रोज जातात.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते. तुझ्या बाबाने, साईनाथने, जानेवारीत ठरवलेलं की लग्नाच्या दिवशी चार जण आजोबांना खुर्चीतून उचलून जिन्याने खाली आणतील. हे म्हणाले, चौघांच्या खांद्यावरून माणूस एकदाच निघतो, नातीच्या लग्नाला नाही. गुडघे बसलेत हे तुला कळलं तर तू कल्याणचा हॉल सोडून लग्न इथे सातव्यावरच्या पॅसेजमध्ये करशील, म्हणून त्यांनी मला आणि तुझ्या आईबाबांना तुझी शपथ घातली, सान्वीजवळ बोलायचं नाही. लिफ्ट चालू होईपर्यंत आम्ही कोणी बोललो नाही. तू मनात काय धरलंस ते डोंबिवलीहून तुझ्या आईने सांगितलं, की मुलगा वेगळ्या समाजातला म्हणून आजोबा येत नाहीत. अगं बाय, दिवाळीला तुम्ही गेल्यावर हे पहिलं काय बोलले सांगू? म्हणाले, बघितलंस, पोराने दार किती हळू लावलं. एकतीस वर्षं ह्यांनी माणसं दार कसं लावतात त्यावरून पारखली. सम्यक त्याच दिवशी पास झाला. आता स्वतःहून येतो म्हणायला ह्यांची जीभ रेटत नाही, एकदा नाही म्हणून बसलेत ना. कट्ट्यावर बसतात आणि फोन शर्टाच्या खिशात ठेवतात, पूर्वी कधी ठेवत नव्हते. हे जे कागद तुझ्या हातात आहेत ते त्याच वहीतले आहेत, आपल्या खोलीची कोरी पानं. घरची तक्रार पहिल्यांदाच करतेय, आणि ती ऑफिसकडे नाही, तुझ्याकडे आहे. खोली क्रमांक ७०१, एका म्हाताऱ्याला नातीच्या लग्नाला यायचंय, त्याला पुन्हा एकदा विचारायला हवं. सकाळी नऊ ते दहा ते खाली असतात, तेव्हा कर फोन. आणि कल्याणच्या हॉलमध्ये लिफ्ट आहे का ते विचारून ठेव, बटण हे दाबतील म्हणावं.

तुझीच,
शेवंती आजी
मजला प्रतिनिधी, सातवा मजला
(सही वाचून केली आहे.)