खिळ्यावरच्या नऊ किल्ल्या

१२ जानेवारी
पत्र आलं! सरकारी नळयोजना हवी तर वस्तीत निदान पंधरा नांदती घरं हवीत. मोजणी परवा. जानेवारीत! इकडचा ऐन उन्हाळा! निम्म्याहून जास्त वस्ती शेळ्या घेऊन चाऱ्यासाठी वर डोंगरात गेलीय, एप्रिलशिवाय उतरणार नाही. घरं बरोब्बर पंधरा. उघडी सहा. बाकी नऊ घरांच्या किल्ल्या माझ्या खिळ्याला, दरवर्षीसारख्या.

१३ जानेवारी
नवरा, नोल्बेर्तो, डोंगरात जाताना म्हणाला होता, "यंदाही पाणी मंजूर झालं नाही तर शेळ्या विकायच्या नि ओवाये शहर गाठायचं. टँकरची वाट बघत म्हातारं व्हायचं नाही मला." मी त्याची शिदोरी बांधत राहिले. आईबाबा इथल्याच मातीत आहेत. मला नाही जायचं. नाहीच!

१४ जानेवारी
पहाटेपासून शेजारच्या एदुलियाकाकी नि मी नऊ घरांत चुली पेटवत फिरलो. "अगं, एवढा धूर बघून मोजणीच्या साहेबाला वणवा वाटायचा!" काकी म्हणाल्या. हसले, पुढची चूल पेटवली. खोटं का हे? माणसं तर इथलीच.

साहेब तरुण, घामाघूम. बंद दार म्हणजे रिकामं घर, म्हणाला. मी एकेक दार उघडत गेले. एका चुलीवर त्याने हात धरला. "माणसं कुठायत, बाई?"
"शेळ्यांमागे," मी खरं तेच सांगितलं.
त्याने डोंगराकडे पाहिलं, वही उघडली. मग लिहिलं — पंधरा! एप्रिलमध्ये पुन्हा येणार. तेव्हा माणसं दिसली पाहिजेत.
काकींनी चीजचा गोळा पुढे केला. नको म्हणाला. "लाच नाही रे बाबा, वाटेत भूक लागेल!" घेतला.

२ मार्च
टँकर नाही. दुसरा आठवडा. भांडी राखेने घासून ठेवली.

९ एप्रिल
डोंगरातली माणसं उतरली, नऊही किल्ल्या गेल्या. खिळा मोकळा. नोल्बेर्तो सगळ्यांच्या मागून आला. सोबत एकही शेळी नाही. वरच विकल्या!
"ओवायेत खोली ठरवलीय. सामान बांध."
"अरे, पंधरा घरं मोजलीत! आपलं धरून पंधरा!"
"असली मोजणी दोनदा झालीय. आलं पाणी?" मग म्हणाला, "लोकांच्या चुली पेटवल्यास ना? आता आपली विझव."
जेवले नाही.

१६ एप्रिल
नोल्बेर्तो पहाटेच्या गाडीने गेला. एकटाच. घराची त्याच्याकडची किल्ली खिळ्याला अडकवून गेला. दहाला साहेब आला. मी चूल पेटवून दारात उभी होते.