म्हातारपणाविरुद्ध घेतलेली गोळी

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कुरकुरत असतीलच. आपण दोघे त्या वर्गातले, ज्यांच्यापुढे बँकेतली मुलगी न विचारताच अंगठ्यासाठी शाई सरकवते. आयुष्यभर सभा गाजवल्या, कपाटं वाचून काढली, आणि शेवटी अंगठा! हा अपमान किती दिवस गिळायचा? मी नाही गिळला. मी गोळी गिळली.

झालं असं, की आमच्याकडच्या संशोधन केंद्रात भ्रम घडवणाऱ्या अळंब्यांतल्या द्रव्याची चाचणी चालू आहे. म्हणे त्याने प्रयोगशाळेत पेशी जास्त काळ तगतात आणि म्हाताऱ्या उंदरांची तब्येत सुधारते (उंदरांची! ज्यांनी एकही सभा गाजवली नाही!). माणसांचं काय होतं, ते अजून कोणालाच ठाऊक नाही. मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "मला घ्या!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, आधी रक्तदाब."

गोळीच्या दिवशी शेजारी आपलं माणूस लागतं. तुमची भावजय विणकाम घेऊन खुर्चीत बसली. मी डोळ्यांवर पट्टी बांधून पडलो. जांभळे डोंगर दिसले, ते ठीक. पण भयंकर गोष्ट ही, की मला बोलावंसंच वाटेना. दुपार टळेपर्यंत मी गप्प, आणि ही बोलतेय! तिला पोहायला शिकायचं होतं, म्हणे. माझ्या प्रत्येक भाषणातला तिसरा मुद्दा पोकळ असतो, म्हणे (असतो खरा). मी तिचा हात धरून नुसता 'हं, हं' करत होतो.

पुढच्या तपासणीत माझं रक्त होतं तसंच निघालं. पोट तेवढं वाढलंय. डॉक्टरीणबाईंनी मात्र हिच्याकडे निरखून पाहत विचारलं, "गोळी नक्की यांनीच घेतली ना?" ही अशी काही लाजली, दादा! मी सुखी आहे, आणि हे कोणत्याही व्यासपीठावरून ठणकावून सांगेन.

तुमचा,
धाकटा

ता. क. आता हिने चाचणीत नाव दिलंय. शेजारच्या माणसाने तिथे गप्प बसायचं असतं (हिने तो नियम मोडला, ते सोडा). मी बसतो म्हणालो, तर ही इतकी हसली की तिचा रक्तदाब पुन्हा मोजावा लागला. ती खुर्ची ती तिच्या बहिणीला देणार आहे. मी हट्ट धरला, तेव्हा म्हणाली, "भावोजींसमोर एक संध्याकाळ तोंड मिटून बसून दाखवा, मग बघू."

आणखी ता. क. दादा, ती खुर्ची मला हवी आहे. रविवारी संध्याकाळी या, आणि भाषणांनी जगात काडीचाही फरक पडत नाही हे तुमचं लाडकं मत, तिच्यादेखत, मला अथपासून इतिपर्यंत ऐकवा.