भाकरीच्या सवालाची चिठ्ठी

तळवली, सोमवार

ती. मामांस, तुमचा भाचा संघर्ष याचा भाड्याच्या खोलीतून मानाचा जय भीम. तुमचा गुडघा आणि मामीचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील असं धरून चालतो. पत्र अशासाठी, की तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि माझी खबर तुमच्या आधी पारावर पोचते. हे शिवा ड्रायव्हरच्या हाती देतोय. (त्यानं वाटेत फोडलं असेल तर त्यालाही जय भीम.)

मामा, कोपरखैरण्याच्या त्या स्थळाला माझा नकार कळवून टाका. मुलगी कुरिअरच्या ऑफिसात कारकून, गाण्याची थोडी आवड, असं तुम्ही सांगितलं होतं. थोडी! न्हावा शेव्याला आमच्या यार्डात कंटेनर थोडे आहेत ना, तशी थोडी. शिवाय तिचं नाव क्रांती. पत्रिकेवर संघर्ष आणि क्रांती छापलं तर लोक आहेर नाही, निवेदन घेऊन येतील.

झालं असं. बघण्याचा कार्यक्रम रविवारचा. त्याआधी बुधवारी संध्याकाळी सदू (खोलीत आम्ही चौघं राहतो, त्यातला एक; यार्डात कंटेनरला सील मारतो आणि स्वतःला गाण्यातला जाणकार समजतो) मला कोपरखैरण्यात जयंतीच्या दुरंगी सामन्याला घेऊन गेला. तुम्हाला सामना काय सांगायचा! एका बाजूला बुवा, दुसऱ्या बाजूला बाई, आणि गाण्यातून एकमेकांची धुलाई. बुवाचा आवाज ट्रेलर रिव्हर्स घेताना वाजतो तसा. बाई मात्र गायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. आता काटा येणं पुरुषाला शोभत नाही. सिनेमात बघा, समोर मशीनगन आली तरी हिरोच्या अंगावर काटा येत नाही. हिरो काय करतो? हिरोइनला चिडवतो, ती फणकारते, आणि तिसऱ्या गाण्याला पातळ साडी नेसून बर्फात त्याच्यामागं धावते. (थंडी फक्त हिरोला वाजते, म्हणून जाकीट त्याच्याच अंगावर. बायका सोशिक असतात, असं सिनेमा काढणाऱ्या पुरुषांचं मत दिसतं.) मी शाळेत आठवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण हे असं पडद्यावर झालं.

म्हणून मी फर्माईशीच्या चिठ्ठीवर लिहून पाठवलं, की बाई, गळा चांगला आहे, पण तुम्ही इथं गाता तर घरी भाकरी कोण थापतं? आणि खाली सही. आता यार्डाच्या गेटपासवर पूर्ण नाव, गाव, तालुका, मोबाईल नंबर, आत आल्याची वेळ, एवढं भरल्याशिवाय सोडत नाहीत. चार वर्षांची हाताला सवय. मी सगळं भरलं. सगळं, मामा.

बाईनं चिठ्ठी माइकवर वाचली, आत आल्याच्या वेळेसकट. नावापाशी थांबली. माझ्याकडं (म्हणजे माझ्या दिशेच्या चारशे माणसांकडं) बघून हसली. तुम्ही पाठवलेल्या फोटोत क्रांती पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारखी दिसते, स्टेजवर निळ्या साडीत कोण ओळखणार? तिनं मात्र माझा बायोडाटा पाठ केलेला. पेटीवाल्याला खूण केली आणि उभ्या उभ्या जुळवलं:

भाकरी कोण थापतं, सवाल आहे पाहुण्यांचा,
रविवारी या की घरी, पीठ आमचं न् हात तुमचा!

कोरसनं पाच वेळा घोळवलं. शिट्ट्या पडल्या. पहिली सदूची.

रविवारी गेलो. (तुमचा शब्द जाऊ नये म्हणून हो. माझी तर न जायची पूर्ण तयारी होती, इस्त्रीचा शर्ट उगीच घातला.) तिची आजी बयाबाई दारातच म्हणाल्या, "या, सवालवाले. हात धुऊन घ्या." पोहे नाहीत, चहा नाही. शेगडीपुढं परात, परातीत पीठ. क्रांती दाराला टेकून उभी.

म्हटलं, "आमच्यात पुरुष नाही करत."

"असं?" ती म्हणाली. "मग चौघांच्या भाकऱ्या रोज तुम्हीच थापता, असं सदूभाऊ का म्हणाले?"

चिठ्ठीवरचा नंबर तिनं आधीच लावला होता. मी अंघोळीला, फोन सदूनं उचलला. (या सदूला एकदा कंटेनरात घालून मीच सील मारणार आहे.)

तर मामा, अशा मुलीशी निभायचं कसं? स्टेजवर बोलते, घरी बोलते, आणि दोन्हीकडं खरं बोलते. स्पष्ट नकार कळवा. घरात सगळ्यांना जय भीम.

तुमचा जखमी भाचा,
संघर्ष

ता.क. भाकरी फुगली. बयाबाईंनी दोन खाल्ल्या. क्रांतीनं एक खाल्ली, पण पापुद्रा उचलून, आत काही लपवलंय का बघावं तशी. म्हणाली, "काठ जाड आहेत." काठ जाड नव्हते. पीठ जाड होतं.

ता.क. २. शिवा शुक्रवारी परत येतोय. त्याच्यासोबत शाळूचं पाच किलो पीठ पाठवा, बारीक दळून. काठ पातळ कसे करायचे, तेही मामीला विचारा. कशाला, ते मला विचारू नका.

ता.क. ३. नकार कळवू नका. कळवला असेल तर आजच्या आज मागं घ्या, भाचा तापात बडबडला म्हणा. निघताना क्रांतीनं माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल नंबर, सगळं माझ्यासारखंच भरलंय. आत येण्याची वेळ: येता रविवार, सकाळी अकरा. बाहेर जाण्याची वेळ तिनं कोरी ठेवलीय.