रिळाची बैठक

प्रिय बाबा,

समोर बसून बोलले असते तर तू सगळं चेष्टेवर नेलं असतंस, म्हणून लिहितेय. प्रयोगशाळेत यंत्र एक धातूची पट्टी तुटेपर्यंत ताणतंय आणि मी दर दोन ओळींनी उठून उगाच त्याचा काटा बघून येतेय. काटा जिथल्या तिथे आहे. मलाच बसवत नाही.

विषय तुझ्या गळाच्या काठीचा आहे. शाळेची बस लावून तू थेट तळ्यावर जातोस, आणि रीळ ज्या बैठकीत बसतं ती हल्ली काठीवर गोल फिरते, अशी तुझी तक्रार होती. मी म्हटलं, नवी काठी आणू. तू म्हणालास, नको, तळ्यातले मासे ओळख दाखवणार नाहीत. त्यावर आई म्हणाली, आजवर कुठल्या माशाने दाखवलीय? तू पोट धरून हसलास आणि मी काठी उचलून इकडे आणली.

बैठकीखालच्या जुन्या गोंदाची भुकटी झाली होती. ती खरवडली, काठीला दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन पोकळी भरली, इपॉक्सी गोंद लावला आणि बैठक, दोरी ज्यांतून जाते त्या वरच्या कड्यांच्या रेषेत धरून सुकवली. मग पिळून पाहिली, हलली नाही. रिळाचं हँडल डाव्या बाजूला लावलेलं दिसलं. तू तर जन्मभर उजव्या हाताने रीळ फिरवत आलास. कुणीतरी चुकून उलटं लावलं असेल असं समजून मी ते उजवीकडे घेतलं. न विचारता.

काठी परत दिली तेव्हा तू हँडलकडे पाहिलंस, ‘वा, इंजिनीअरबाई’ म्हणालास आणि काठी कपाटामागे उभी केलीस. रविवारी तळ्यावर गेला नाहीस. ऊन फार आहे, असं आईला सांगितलंस. आभाळ भरून आलेलं होतं, बाबा.

एखादी वस्तू का मोडली हे शोधणं माझं कामच आहे, त्यामुळे चैन पडेना. तू आंघोळीला गेल्यावर काठी पुन्हा बाहेर काढली. पंजाने धरायची जागा कोरडी होती, तिथे घामाचा ताजा डागही नव्हता. झिजला होता तो मागचा दांडा, आणि तोही एकाच अंगाने. म्हणजे हँडल तूच डावीकडे घेतलं होतंस आणि काठी उजव्या काखेत दाबून डाव्या हाताने रीळ फिरवत होतास. पंजाने धरली की रिळाचा पीळ पंजा सोसतो. पंजाची पकड नसली की तो सगळा बैठकीवर येतो. बैठकीत दोष होता, पण तो मागाहून आला.

तेव्हापासून मी तुझा उजवा हात बघतेय. कप डाव्या हातात असतो. शर्टाची बटणं आई लावते, तिला वाटतं तू लाडात आलायस. परवा मी मुद्दाम तुझ्या बसमधून कोपऱ्यापर्यंत आले. वळणावर तू डाव्या हाताने स्टिअरिंग ओढत होतास आणि उजवा त्यावर नुसता ठेवलेला होता. मागे मुलं भेंड्या खेळत होती. मी उतरले आणि फुटपाथवर तशीच उभी राहिले, ऑफिसची वेळ टळून गेली तरी.

आज सकाळी बसची किल्ली सापडत नव्हती. आईने गाद्या उलथल्या, तू आईवर ओरडलास. किल्ली माझ्या पिशवीत होती, आत्ताही आहे. दुसरी बस आणि दुसरा ड्रायव्हर पाठवा, एवढंच शाळेला कळवलंय. कारण सांगितलेलं नाही, ते तू सांगायचंस. संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रागव, बोलू नकोस, काय वाटेल ते कर, पण हात दाखवल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. आता पट्टी तुटली की निघते. हे पत्र तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत चपला न काढता दारातच उभी राहीन.

तुझीच,
धाकटी